संगमची बॅट: लेकीसाठी घेतली, एक सिझन खेळून झाल्यावर लिहितेय

आधीच सांगते, हा रिव्ह्यू वर्षभर उशिरा येतोय. मे २०२४ ला आम्ही काश्मीरला गेलेलो, मी, आमचे हे, सासूबाई आणि लेक, तेव्हा संगम या बॅटवाल्यांच्या गावातल्या एका दुकानातनं लेकीसाठी बॅट घेतली. लगेच लिहिणार होते पण म्हणलं एक सिझन खेळू दे. दुकानाच्या पायरीवरनं उतरता उतरता पाच स्टार देणाऱ्यांचं मला नवल वाटतं, बॅट काय चहा आहे का की एक घोट घेतला आणि कळलं.

लेक तेव्हा चौदाची, उंची पाच फूट एक इंच, सिझन बॉलवर (म्हणजे कडक, कातडी बॉलवर) खेळते. आम्ही सांगलीकडचे, इथं स्मृती मानधनाचं नाव घेतल्याशिवाय कुठल्या पोरीच्या हातात बॅट पडत नाही, त्यामुळं उत्साह रग्गड, पण पोरीच्या मापाची बॅट मिळायची बोंब. दुकानात गेलं की एकतर बारक्या पोरांची टेनिस बॉलची रंगीबेरंगी बॅट काढतात नाहीतर एकदम फुल साइज बाराशे ग्रॅमची, जी उचलतानाच पोरीचा खांदा खाली जातो. इंग्लिश विलो (विलो म्हणजे बॅटचं लाकूड) घ्यावी तर बरी बॅट दहा हजाराच्या पुढं आणि या वयात दोन वर्षांत साइज बदलते, म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून काश्मीर विलो, आणि काश्मीरलाच चाललोय तर तिथनंच, असा साधा हिशोब.

श्रीनगरहून पहलगामला जाताना हायवेवर पांपोरची केशराची शेतं लागतात (मे महिन्यात तिथं नुसती माती असते, केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरात), मग लेथपोरा, तिथं ड्रायफ्रूटची दुकानं. २०१९ ला सीआरपीएफच्या बसवर हल्ला झाला तो याच पट्ट्यात, गाडीत सगळे एकदम गप्प झाले. पुढं अवंतीपोरा आणि मग संगम. संगम म्हणल्यावर सासूबाईंनी हात जोडले, त्यांच्या डोळ्यापुढं आपलं हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. इथंही झेलमला नदीच मिळते त्यामुळं नमस्कार काही वाया गेला नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूला विलोच्या फळ्या रचलेल्या, मधे फटी ठेवून, माणसाच्या डोक्यावर उंच. तासगावला बेदाण्याची शेड असते ना, तसाच प्रकार, वारा खेळला पाहिजे, घाई चालत नाही. सहा महिने ते वर्षभर वाळवतात म्हणे. काश्मिरीत या झाडाला वीर म्हणतात. या भागात चारशेच्या आसपास कारखाने असल्याचं सांगतात, आणि कच्ची फळी काश्मीरबाहेर न्यायला २००० सालच्या कायद्यानं बंदी आहे, म्हणजे बॅट तिथंच बनावी आणि काम तिथल्या माणसांना मिळावं असा हेतू. ड्रायव्हरदादांनी सांगितलं की सचिन याच लायनीत येऊन गेला. खरं तर तो आलेला चरसूला, अवंतीपोऱ्याजवळ, फेब्रुवारी २०२४ ला, पण संगमला थांबलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे वाक्य ऐकायला मिळत असणार. दुकान ड्रायव्हरदादांनीच ठरवलेलं, कमिशन असतं, सगळ्यांना माहितीय, त्याचं मला वाईट वाटत नाही पण किमतीत ते धरून चाला.

दुकानाचं नाव टाकत नाही कारण पुढं थोडी तक्रार आहे, आणि तसंही तिथं एका ओळीत सारखीच दुकानं आहेत.

आत गेल्यावर चाचांनी विचारलं, "बेटा कितने साल का है?" लेक माझ्या शेजारी उभी, खांद्याला तिची किटबॅग, कारण ती बया किटबॅग घेतल्याशिवाय फिरायलाही येत नाही. मी म्हणलं बेटा नाही, बेटी, ही बघा. चाचा एकदम खूश झाले, हसले, आतून कावा (काश्मिरी चहा) मागवला आणि काढून काय दिलं तर गुलाबी ग्रिपची चार नंबरची बॅट. लेकीचं तोंड बघण्यासारखं होतं. मग पाच नंबर, मग थेट फुल साइज. सहा नंबर सिझन बॉलची आहे का विचारलं तर म्हणाले गोदामात असेल, ती कोण मागत नाही. मी म्हणलं इथं पोरी खेळत नाहीत का? तर म्हणाले खेळतात की, आमच्या घरातच आहे एक, आणि हाक मारली.

इथनं पुढं दुकानाला माझे तीन स्टार वाढले.

ती चाचांची पुतणी, कॉलेजला, वीसेक वर्षांची, कॉलेजकडनं खेळते. आली, लेकीला नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिला प्रश्न सिझन की टेनिस, दुसरा ओपनिंगला येतेस का खाली, तिसरा उभी बॅट तुला कुठपर्यंत येते बघू. गोदामातनं सात बॅटी आणल्या. प्रत्येक बॅट वरच्या एका हातात आडवी धरायला लावली, दहा आकडे मोजायचे, हात थरथरला की बॅट बाजूला. मग जुना बॉल घेऊन फळीवर वरपासून खालपर्यंत टकटक, कुठं आवाज बसका येतोय ते ऐकायचं. सातातल्या चार तिनं स्वतःच नापास केल्या, काकांच्या समोर! त्यातली एक पॉपलरची निघाली. पॉपलर हे तिथलंच दुसरं झाड, स्वस्त, हातात हलकं लागतं म्हणून गिऱ्हाईक फसतं, पण सिझन बॉलपुढं टिकत नाही. स्टिकर लावल्यावर आपल्यासारख्याला फरक कळणं अवघड, तेव्हा नीट विचारून घ्या आणि बिलावर विलो लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली जी मला चार वर्षं पोरीला ग्राउंडवर सोडून-आणून माहिती नव्हती. बायकांचा सिझन बॉलच हलका असतो, १४० ते १५१ ग्रॅम, पुरुषांचा १५६ ते १६३. मग त्या बॉलसाठी पुरुषांइतकी जड बॅट कशाला गळ्यात बांधायची? आमच्या इथल्या एका दुकानदारानं जड बॅटनं ताकद वाढते असं सांगून आधीची बॅट गळ्यात मारलेली, तो प्रसंग आठवून मला तिथंच राग आला.

बोलता बोलता मी सहज विचारलं, किती वर्षं खेळतेस. तिनं बोटं मोजली. २०१६ ला सातवीत होती, तेव्हा खेळायला सुरुवात केली आणि जुलैपासून सगळं बंद, कर्फ्यू, शाळा कित्येक महिने बंद. पोरं गल्लीत आणि सफरचंदाच्या बागेत खेळत होती, पोरींना घरातनं बाहेर काढणार कोण. मग २०१९ चा ऑगस्ट, पुन्हा तेच, शाळा सुरू झाली म्हणेपर्यंत कोरोना. म्हणाली, "आंटी, लगातार दो साल मैंने कभी खेला ही नहीं." रडून नाही सांगितलं हं, बॅटला ग्रिप चढवता चढवता सांगितलं. आमच्याकडं पावसात ग्राउंड पंधरा दिवस बंद राहिलं तर आम्ही आया ग्रुपवर भांडायला उठतो.

मग जासिया अख्तर या क्रिकेटरचा विषय निघाला, तिच्या बोलण्यात जासिया दीदी. शोपियान जिल्ह्यातल्या ब्रारीपोरा गावची, घरची गरिबी, पाच भावंडांत थोरली. घरात बंदूकवाले शिरले, तिला थोबाडीत मारली आणि खेळ बंद कर म्हणून धमकावलं, असं तिनंच मुलाखतींमधे सांगितलंय, त्यानंतर काही वर्षं तिनं बॅट हातात धरली नाही. पुढं पंजाबला गेली, पंजाबकडनं खेळली, मग राजस्थानकडनं, आणि २०२३ च्या पहिल्या डब्ल्यूपीएलला (बायकांची आयपीएल) दिल्लीच्या टीमनं तिला २० लाखांना घेतलं. ती अख्खी स्पर्धा मुंबई आणि नवी मुंबईत झाली, आम्ही टीव्हीसमोर बसून बघितली, आणि दिल्लीच्या डगआउटमधे शोपियानची पोरगी बसलीय हे आमच्या घरात एकालाही माहिती नव्हतं. पुतणीला मात्र तिचे रन, तिचा स्टान्स, सगळं पाठ.

पण जासियाला सुद्धा त्यासाठी पंजाब गाठावं लागलं ना. अफशान आशिकचं तेच. २०१७ च्या एप्रिलमधे श्रीनगरला पोलिसांवर दगड मारताना तिचा फोटो देशभर छापून आला होता, बऱ्याच जणांना आठवत असेल. तिचं म्हणणं असं की पोरींना घेऊन फुटबॉलच्या प्रॅक्टिसला निघालेली, वाटेत पोलिसानं एका पोरीला थप्पड मारली त्यावरनं ते झालं. त्याच वर्षाच्या शेवटी ती जम्मू-काश्मीरच्या महिला टीमची कॅप्टन म्हणून दिल्लीत गृहमंत्र्यांना भेटली, गोलकीपर, आणि पुढं मुंबईत येऊन खेळली. नादिया निघत ही श्रीनगरची, काश्मीरची पहिली महिला फुटबॉल कोच म्हणून ओळखतात, तिनं सांगितलेलं की कर्फ्यूत प्रॅक्टिसला जाता यावं, मुलगा वाटावं म्हणून केस बारीक कापले होते. अपवाद मला एकच जोरदार वाटतो, बांदिपोऱ्याच्या तारकपोरा गावची तजमुल इस्लाम. २०१६ ला, म्हणजे इकडं सगळं बंद असताना, आठ वर्षांची पोर इटलीत किकबॉक्सिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला सोनं जिंकून आली, २०२१ ला इजिप्तमधे परत जिंकली, आणि अकादमी काढली ती आपल्याच बांदिपोऱ्यात.

सक्षमीकरण वगैरे शब्द ऐकला की मला बॅनर आणि पाहुण्यांच्या हातातली ट्रॉफी दिसते. पुतणीला विचारलं तुला काय पाहिजे, तर तिनं फार साधं सांगितलं, रोज एकाच वेळेला एकच ग्राउंड. एक दिवस जवानांची गाडी उभी, एक दिवस बंदची हाक, एक दिवस मुलांची टूर्नामेंट, आणि मगरिबच्या (संध्याकाळच्या) अजानआधी घरी पोचायचं, मग खेळायचं कधी. यातली मुलांची टूर्नामेंट ऐकून लेक माझ्याकडं बघून हसली, कारण ते दुखणं आमच्याकडंही आहे, रविवारी ग्राउंड पोरांचं आणि पोरींनी कोपऱ्यात नेट लावायचं. पण आमच्याकडं तेवढंच आहे, बाकीचं नाही. तिच्याकडं सगळं एकावर एक. आणि घरचा विरोध म्हणाल तर तिच्या घरी बॅटचा कारखाना, तरी सुरुवातीला किट घेऊन गावातनं चालत जायला नको म्हणायचे, लोक काय म्हणतील. हे वाक्य सांगलीत पण तसंच्या तसं मिळतं, त्याला बंदूक लागत नाही.

आमच्या ह्यांनी मधेच अधिक कदमांचा विषय काढला. आपल्या नगरकडचा माणूस, २००२ पासून कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी घरं चालवतो, त्यांचं काम ह्यांनी वाचलेलं. पुतणीला ते माहिती होतं, चाचांना पण, आणि मग चाचांनी ड्रायव्हरकडं न बघता किंमत कमी केली. हे मी गमतीनं सांगतेय पण झालं तसंच, २४०० ची बॅट १७०० ला. माझं प्रीपेड सिम तिथं चालत नव्हतं (बाहेरचं प्रीपेड काश्मीरमधे चालत नाही, पोस्टपेड चालतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा) म्हणून ह्यांच्या हॉटस्पॉटवरनं पैसे पाठवले. बॅट विमानात हातात नेता येत नाही, चेक-इनलाच द्यावी लागते, आणि श्रीनगर एअरपोर्टला सामानाची तपासणी इतक्या वेळा होते की तेवढ्यात एक ओव्हर टाकून होईल, चांगलं लवकर निघा.

आता बॅटचं. सहा नंबर, घरी किराणा दुकानातल्या काट्यावर १०४० ग्रॅम भरली, दुकानात एक किलो सांगितलेली, चालतंय. समोर सात ग्रेन (लाकडाच्या उभ्या रेषा) दिसतात, डाव्या कडेला तपकिरी डाग आहे, पुतणीनं तो आधीच दाखवलेला आणि म्हणालेली यानं खेळात फरक पडत नाही, नाहीच पडला. जवसाचं तेल दोन हात, मग दोन आठवडे संध्याकाळी नॉकिंग, म्हणजे ठोकून ठोकून बॅट खेळायला तयार करणं. नॉकिंग मी स्वतः केलं, लाकडी हातोडीनं, आधी हलक्या हातानं आणि कडा सांभाळून, आणि खालचे मजले तक्रार करेपर्यंत. दुकानवाले नॉकिंग करून देतो म्हणतात, दीडशे रुपये जास्त, पण घाईत करतात असं पुतणीनंच कानात सांगितलं.

पहिला महिना बॅट मुकी वाटली. काश्मीर विलो तशी घट्ट असते, इंग्लिशसारखा बॉल आपोआप पळत नाही, खेळून खेळून उघडते. सहा-सात आठवड्यांनी आवाज बदलला आणि लेकीचा कट बसायला लागला. सर म्हणाले पिकअप (उचलताना हाताला लागणारं वजन) चांगला आहे, खालच्या बाजूला जास्त लाकूड नाही. ऑक्टोबर ते मार्च आठवड्याला चार दिवस नेट आणि अकरा मॅच, त्यात एक पन्नास (त्रेपन्न, आईनं लिहायलाच पाहिजे). हँडल अजून टाइट. पावसाळ्यात मात्र टोकानं पाणी ओढलं आणि खाली बारीक चीर गेली, ती फेविकॉल आणि धाग्यानं बांधून घेतली. ही चूक निम्मी माझी, ओली बॅट पिशवीत ठेवली, आणि निम्मी त्यांची, टोकाला रबर लावून दिलं नव्हतं.

आता तक्रार. लेकीची बॅट बघून तिच्या बरोबरच्या पोरीला पण तशीच हवी झाली म्हणून नोव्हेंबरला फोनवर ऑर्डर दिली. साइज, वजन, सगळं मेसेजवर लिहून, पैसे आधी. तीन आठवड्यांनी पार्सल आलं, उघडलं तर पाच नंबर, टेनिसची, गुलाबी ग्रिप! मला हसावं का रडावं कळेना. फोन केला तर कोणीतरी भाऊ म्हणाला, "लडकी के लिए बोला था ना?" म्हणजे लडकी एवढाच शब्द वाचून माणसानं पार्सल भरलेलं. दोन दिवस कोणी फोन उचलेना. मग मी वैतागून पुतणीला निरोप द्या म्हणून सांगितलं, आणि तिचाच उलटा फोन आला, सॉरी म्हणाली, दुसरी बॅट तिनं स्वतः बघून पाठवली, कुरिअरचे पैसे त्यांनी भरले. ही ९९० ग्रॅमची निघाली आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा चांगली. पहिली परत पाठवायला नको म्हणाले, ती आता सोसायटीतली बारकी पोरं वापरतात, गुलाबी ग्रिप काढून.

एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली, त्यात आपल्या डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची होती. आम्ही अकरा महिन्यांपूर्वी त्याच गावात होतो, सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. ड्रायव्हरदादांचा स्वतःहून फोन आला, बोलताना त्यांचा आवाज फुटत होता. त्यानंतर दुकानात विचारायला मलाच जड गेलं. जूनमधे लेकीनं पुतणीला मेसेज केला, बॅटचं काही नाही, नुसतं कशी आहेस. उत्तर आलं की टूरिस्ट नाही त्यामुळं दुकान थंड, कारखान्यात निम्मी माणसं, ग्राउंड काही दिवस बंद होतं आता चालू झालंय, आणि तुझा पुलचा व्हिडिओ पाठव, मागचा पाय उघडतोय तुझा.

तर पाचपैकी बॅटला चार, फोन ऑर्डरला दीड, आणि पुतणी दुकानात असेल तर पाच. तुम्ही मुलीसाठी घेणार असाल तर उंची, सिझन बॉल आणि वजन ग्रॅममधे लिहून पाठवा, मुलीसाठी आहे हे शब्द अजिबात लिहू नका, आणि टोकाचं रबर आठवणीनं मागा, साठ रुपये घेतात पण आपणहून लावत नाहीत.